बुजवलेलं चुलाणं

इंग्लंडमधल्या थेल्विक गावाच्या त्या बोळात दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला माघार घ्यावीच लागते. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीची कुंपणाची झुडपं, मध्ये जेमतेम एका गाडीपुरती वाट, आणि त्या दिवशी तर सकाळपासून पावसाची रिपरिप लागलेली. ब्रायोनी पास्क आपली चुन्याने माखलेली व्हॅन घेऊन वळणावरून आली, तर समोर एक निळी गाडी उभी. गाडीमागे ट्रेलर, ट्रेलरमध्ये विटा, आणि विटांवर चक्क एक छत्री बांधलेली!

‘कोण हा शहाणा?’ असं मनाशी म्हणत तिने काच खाली केली.

समोरच्यानेही केली. लालसर कुरळे केस, भिजलेला स्वेटर आणि तोंडावर ओशाळं हसू.

“मला मागे घेता येत नाही,” तो ओरडून म्हणाला. “म्हणजे गाडी घेता येते. पण मागे ट्रेलर लावला की... तो त्याच्या मनाने जातो.”

“मग बसा पाऊस थांबेपर्यंत.”

“इकडे कधी थांबतो?”

“ऑगस्टमध्ये. थांबला तर!”

तो हसला. हसताना त्याचा एक गाल दुसऱ्यापेक्षा जास्त वर जायचा. ब्रायोनीने ते पाहिलं आणि उगाचच व्हॅनमधून उतरली. त्याच्या दाराशी जाऊन म्हणाली, “सरका.”

तो मुकाट्याने शेजारच्या सीटवर सरकला. तिने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. एक डोळा आरशात, एक हात सीटच्या पाठीवर — त्याच्या खांद्यामागे.

“तुम्ही नेहमी अशा अनोळखी पुरुषांच्या गाडीत घुसता?”

“ज्यांना मागे जाता येत नाही त्यांच्याच.”

“मग बरं झालं मी शिकलो नाही ते.”

ट्रेलर जरासा झुडपात घुसला. थेल्विकमधली सगळ्यात सफाईदार गाडी चालवणारी मुलगी ती, तिचा ट्रेलर झुडपात जातो म्हणजे काय ते वाचकांनी समजून घ्यावं.

रुंद जागी गाडी लावून ती उतरली आणि विटांकडे पाहून म्हणाली, “या कशाला आणल्यात?”

“चुलाण्यासाठी. मी बुलेस कॉटेज घेतलंय. दिवाणखान्याच्या भिंतीत मूळचं मोठं, शेकायचं चुलाणं असणार, पण कोणीतरी ते बुजवून टाकलंय. ते उघडायचं, म्हणून म्हटलं जुन्या विटा लागतील.”

“या जुन्या नाहीत. नव्याच आहेत. जुन्या दिसाव्यात म्हणून पिंपात घालून घुसळलेल्या.”

त्याने विटांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याचे कान हळूहळू लाल झाले. “आणि मी त्यांना छत्री बांधली!”

“तेच तर. बघवेना, म्हणून उतरले मी.”

“तुम्हाला यातलं कळतं वाटतं?”

“जुनी चुलाणी उघडते आणि दुरुस्त करते. ब्रायोनी पास्क.”

“रूफस क्विल्टर. रेडिओसाठी पक्ष्यांचे आवाज टिपतो. बाकी कशातलं काही कळत नाही, ते तुम्ही पाहिलंच.” तो पावसात तसाच उभा राहिला. “कधी येता?”

“जुन्या घराला हात लावायच्या परवानगीचा कागद आलाय?”

“आलाय.”

“मग सोमवारी,” ती म्हणाली, आणि व्हॅनमध्ये बसल्यावर तिला आठवलं की सोमवारी तिला दुसरीकडे जायचं होतं.

घरी आल्यावर तिने वडिलांना सांगितलं. डेस पास्क म्हणजे थेल्विकमधला निवृत्त गवंडी. बायको गेल्यापासून बापलेक गावाबाहेरच्या बैठ्या बंगल्यात राहायचे. बुलेस कॉटेजचं नाव ऐकताच डेसने सोलत असलेला बटाटा खाली ठेवला.

“बुलेस? हं. जपून फोड गं.”

“का? काय आहे तिथे?”

“काही नाही. जपून फोड एवढंच.” आणि म्हातारा गालातल्या गालात हसत पुन्हा बटाटा सोलायला लागला.

बुलेस कॉटेज म्हणजे ओकच्या लाकडी सांगाड्याचं घर. साडेतीनशे-चारशे वर्षांत सगळा सांगाडा एका बाजूला कलला होता, टेबलावर ठेवलेलं सफरचंद घरंगळत थेट दारापर्यंत जायचं. आणि अशा त्या घराच्या दिवाणखान्यात, जिथे माणूस उभा राहील एवढं चुलाणं असायला हवं होतं, तिथे एक गॅसचा हीटर होता. त्याच्याभोवती जमिनीपासून छतापर्यंत पिवळट, करड्या, गुलाबी दगडांचे तुकडे बसवलेले. एके काळी साऱ्या इंग्लंडला त्या दगडांचं वेड लागलं होतं.

“हे ज्याने केलं ना,” रूफस कमरेवर हात ठेवून म्हणाला, “त्याचे हात कलम करायला हवेत!”

“अगदी!” ब्रायोनी हसून म्हणाली आणि तिने पहिला घाव घातला.

दुपारपर्यंत दगड निघाले. मागे हातभर पोकळी होती आणि पोकळीमागे चुलाण्याचं तोंड बंद करणारी सिमेंटची भिंत. त्याहून वाईट म्हणजे वरची तुळई. एवढी जाडजूड ओकची तुळई, तिच्यावर जुन्या लोकांनी घराला आग लागू नये म्हणून मेणबत्तीने मुद्दाम दिलेल्या डागांचे ठसे, आणि उजवीकडचं टोक करवतीने सरळ कापून टाकलेलं. ठसे अर्ध्यात तुटलेले.

“कसाई,” रूफस हळूच म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता. “थांबा, चहा करतो. मला हे बघवत नाही.”

तो आत गेला. ब्रायोनीने दिवा उचलून भिंतीवर उजेड टाकला, आणि उजव्या कोपऱ्यात, खाली, तिला तो दिसला. ओल्या सिमेंटमध्ये दाबलेला हाताचा ठसा. चार बोटं पुरी. अनामिकेचं वरचं पेर नव्हतं.

ब्रायोनी तशीच बसली. ते तुटकं बोट धरून ती लहानपणी शाळेत जायची. इतर मुलं हात धरायची, ही बोट धरायची, कारण ते बरोबर तिच्या मुठीत मावायचं. तिच्या डॅडचा हात होता तो. हे सगळं तिच्या डॅडनी केलं होतं.

स्वयंपाकघरात किटली वाजायला लागली. रूफस शीळ घालत होता, कुठल्याशा पक्ष्याची नक्कल. आत्ता येईल... येईल आणि पाहील, आणि विचारेल, ‘हा कोणाचा?’ जुन्या घरांना जपणारी म्हणून ज्या पास्क नावाची तो सकाळपासून तारीफ करत होता, तेच नाव कसायाचंही निघेल.

तिने छिन्नी लावली आणि हातोडा मारला. पहिल्या घावात तळवा गेला. दुसऱ्या घावात बोटं.

“काय होतं तिथे?” रूफस दोन कप घेऊन आला.

“काही नाही. सिमेंटचा पोपडा.”

चहा कडक होता, तिला आवडतो तसा. तिने कप तसाच बाजूला ठेवला आणि पुन्हा छिन्नी उचलली.

संध्याकाळी ती घरी आली, तर डेस दारातच उभा. दाढी केलेली, डोळे लुकलुकत होते.

“सापडला का?”

“काय?”

“अगं, माझा हात! उजव्या बाजूला, खाली. मी ठेवला होता तिथे.”

“नाही, डॅड,” ब्रायोनी बूट काढायला वाकली. बुटाची गाठ सुटतच नव्हती. “अजून नाही.”

“सापडेल. सापडला की त्या पोराला दाखव हं.”

“हो.”

ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि किती तरी वेळ नुसतीच आरशात बघत राहिली. तोंडावर सिमेंटची धूळ होती. ती धुवून टाकली तरी चेहरा काही बघवेना.

...

आता खरं तर पुढचा उन्हाळा ब्रायोनीच्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर उन्हाळा होता. हे तिने नंतरही कधी नाकारलं नाही.

सिमेंट घाईने निघत नाही. खालच्या मऊ जुन्या विटा फुटू नयेत म्हणून तिळातिळाने काढावं लागतं. रूफस तिच्याजवळ बसून ब्रशने काजळी झाडायचा आणि बडबडायचा. धुराड्यात जॅकडॉ कावळ्यांनी वर्षानुवर्षं टाकलेल्या काटक्या होत्या, त्या गाड्या भरभरून निघाल्या. डाव्या अंगाला पाव भाजायची छोटी घुमटाची भट्टी निघाली, तेव्हा रूफसने तिला कमरेला धरून गरकन फिरवलं, आणि मग दोघंही एकदम लांब होऊन आपापल्या अवजारांकडे बघत बसली.

“ऐक,” एकदा त्याने तिच्या कानांना हेडफोन लावले. आत टक्... टक्टक्... सर्रर्र असा आवाज येत होता.

“कुठला पक्षी?”

“दुर्मीळ आहे. थेल्विकमध्ये एकच. चुना लावताना असा ओरडतो.”

तो तिच्या थापीचा आवाज होता. ब्रायोनीने हेडफोन काढून त्याच्या अंगावर फेकले. रात्री अंथरुणात मात्र तिला तोच आवाज पुन्हा ऐकावासा वाटत होता.

जुलैत एकदा चुलाण्याच्या आत उभं राहून दोघं वर बघत होती. धुराड्याच्या टोकाला आभाळाचा चौकोनी तुकडा. त्यातून पावसाचे बारीक थेंब येऊन त्यांच्या तोंडावर पडत होते.

“तुझ्या गालाला काजळी लागलीय,” रूफस म्हणाला. त्याने बोटाने ती पुसली.

“गेली?”

“वाढली.”

“मग कशाला पुसतोस?”

“गेली असती तर पुन्हा हात लावायला निमित्त काय?”

तिने वर बघणं सोडलं आणि त्याच्याकडे बघितलं. चुलाण्यातल्या त्या अंधारात पहिल्यांदा त्याने तिचं चुंबन घेतलं, आणि बाहेर आल्यावर दोघांची तोंडं अशी काळी झाली होती की टपाल घेऊन आलेल्या बाईने काही न विचारता पाकीट पायरीवर ठेवलं आणि निघून गेली.

“मला तुझ्या डॅडना भेटायचंय,” तो त्या दिवशी म्हणाला.

“ते... फारसे बाहेर पडत नाहीत.”

डेस पास्क बाहेर पडत नाही! जो सोमवारी चर्चची घंटा ओढायला, मंगळवारी बोलिंगला, गुरुवारी थ्री प्लोज पबमध्ये डॉमिनो खेळायला आणि उरलेले दिवस कोणाच्या ना कोणाच्या कुंपणावर टेकून गप्पा मारायला जायचा, तो बाहेर पडत नाही! खोटं बोलून झाल्यावर ब्रायोनीला इतकी लाज वाटली की ती त्या दिवशी लवकरच घरी निघाली.

घरी रोज तोच प्रश्न. “आज सापडला?” आणि रोज तेच उत्तर. ऑगस्टच्या सुमाराला डेसने विचारायचं बंद केलं. ते विचारण्यापेक्षा वाईट होतं.

रूफसला ती गुरुवार सोडून पबमध्ये न्यायची. पण सप्टेंबरातल्या एका बुधवारी ती दोघं थ्री प्लोजमध्ये गेली, तर कोपऱ्यातल्या टेबलावर डॉमिनो चालू होते. गुरुवारी डार्ट्सचा सामना ठेवलेला, म्हणून डाव एक दिवस आधी. डेस पाठमोरा बसला होता. ब्रायोनीला त्याची टोपी दिसली आणि ती मागे वळायला लागली, पण रूफसने तोवर खुर्च्या ओढल्या होत्या.

“काय मग, कुठवर आलं तुमचं भिंतीतलं भोक?” पबवाल्या डॉटने विचारलं.

झालं! रूफसला कोणीतरी विचारायचाच अवकाश असायचा. तो उठला, ग्लासाखालचा पुठ्ठ्याचा कोस्टर सिगारेटसारखा ओठांत धरला, पँट वर ओढली आणि नाकातून बोलायला लागला.

“‘काळजीच नको, मॅडम! ही जुनी लाकडं कशाला ठेवता घरात? वाळवी लागेल! मी असं करतो, ही तुळई जरा छाटतो, आणि वरून असे दगड लावतो, असे दगड लावतो की तुम्हाला घरबसल्या समुद्रकिनाऱ्यावर असल्यासारखं वाटेल! लाटा तेवढ्या तुमच्या तुम्ही आणा!’”

दोन-तीन नवखे लोक खो-खो हसले. बाकीचा पब एकदम गप्प झाला. डॉट ग्लास पुसत राहिली. गावातल्या जुन्या माणसांना सगळ्यांना माहीत होतं ते काम कोणाचं. रूफसला ती शांतता कळेना, त्याने ब्रायोनीकडे पाहिलं. ‘हास ना’ अशा नजरेने.

आणि ब्रायोनी हसली. चांगली मोठ्याने हसली.

कोपऱ्यात एक डॉमिनो टेबलावर ठेवल्याचा टक असा आवाज झाला. डेस उठला. कोट घातला, टोपी नीट केली, आणि जाता जाता रूफसपाशी थांबला.

“नक्कल छान करता हो तुम्ही,” तो म्हणाला. त्याने रूफसच्या खांद्यावर थोपटलं. ब्रायोनीकडे त्याने पाहिलं नाही. दार उघडलं, पावसाचा गार झोत आत आला, दार लागलं.

“किती गोड म्हातारा,” रूफस म्हणाला. “कोण गं ते?”

ब्रायोनीने ग्लास उचलला. 

“गावातले आहेत,” ती म्हणाली.

...

सकाळी ती स्वयंपाकघरात आली तेव्हा डेस अंडं उकडत होता. तिच्यासाठी टोस्ट कापून ठेवला होता, बोटाएवढ्या पट्ट्या, लहानपणी कापायचा तसा.

“चहा घे.”

ब्रायोनी दारातच उभी राहून रडायला लागली. “डॅड... तो हात पहिल्याच दिवशी सापडला होता. मी फोडला.”

“ठाऊक आहे मला.”

“कसं?”

“अगं, तो पोरगा बिनघोर माझी नक्कल करतोय, म्हणजे कोणाची करतोय ते त्याला माहीत नाही. म्हणजे हात त्याने पाहिला नाही. आणि भिंत तर केव्हाच निघाली, म्हणजे कोणीतरी आधी पाहिला.” त्याने गॅस बंद केला. “बस. अंडं घट्ट होईल.”

ती बसली. डेसही समोर बसला, आणि आपला तुटक्या बोटाचा हात त्याने टेबलावर ठेवला.

“बुलेसच्या तेव्हाच्या मालकिणीला, मिसेस कॅटरमोलला ते हवं होतं; म्हणायची, चुलाण्याची सगळी ऊब वरच जाते. तिच्या बहिणीकडे इप्सविचला तसं केलेलं. मी बावीसचा होतो, तुझ्या आईशी लग्न ठरलेलं, हाताला काम नव्हतं. म्हटलं, करतो. पण तुळईला करवत लावली ना, तर आतून धुराचा वास आला. केव्हाच्या काळचा जुना धूर, अजून ताजा. मला इतकी शरम वाटली, पोरी... पण अर्धी कापून झाली होती. मग म्हटलं, केलं ते केलं, निदान लपायचं तरी नाही. म्हणून हात ठेवला. कधी ना कधी कोणीतरी उघडेल, शिव्या देईल, तर कोणाला द्यायच्या ते त्याला कळू दे.”

ब्रायोनीने वर पाहिलं. “मला वाटलं, तुम्हाला त्याचा अभिमान आहे...”

“त्या दगडांचा? छे! किती घाण दिसायचे ते!” तो हसला. मग अंड्याचं टोक चमच्याने उडवत, खाली बघून म्हणाला, “तू उघडणार म्हटल्यावर बरं वाटलं होतं. म्हटलं, चला, शिव्या घरातल्या घरात राहतील. तुला माझी लाज वाटली, त्याचं काही नाही. मलाही वाटते. पण काल तू हसलीस ना... ते लागलं मला.”

 तिने त्याचा हात धरला. त्याने तो काढून घेतला नाही, पण दुसऱ्या हाताने अंडं खात राहिला, कारण काही झालं तरी अंडं गार होऊ द्यायचं नाही असा त्या घराचा नियम होता.

ती तशीच बुलेस कॉटेजवर गेली. रूफस स्टुलावर चढून तुळईवरची काजळी पुसत होता. तिने कोटही काढला नाही.

“खाली उतर. मला सांगायचंय.”

“एवढं गंभीर? लग्न-बिग्न झालंय की काय तुझं?”

“हे चुलाणं बुजवलं ते माझ्या डॅडनी. तुळई त्यांनीच कापली. इथे त्यांच्या हाताचा ठसा होता, तो मी फोडला, तुला कळू नये म्हणून. आणि काल पबमध्ये तुझ्याजवळ थांबले ते... माझे डॅड.”

रूफस स्टुलावरून उतरला. त्याचे कान लाल झाले, मग मान, मग सगळा चेहरा.

“त्यांच्या तोंडावर?” तो म्हणाला. “मी त्यांच्या तोंडावर ती नक्कल केली? आणि त्यांनी माझा खांदा थोपटला!”

“हो.”

“आणि तू मला करू दिलीस.”

“हो.”

“मला तरी माहीत नव्हतं, ब्रायोनी. तुला माहीत होतं. आणि तू हसलीस!”

 ती उभी राहिली. बाहेर जॅकडॉ ओरडत होते, आणि एरवी त्यांचा आवाज आला की सगळं सोडून यंत्राकडे धावणारा रूफस जागचा हलला नाही.

“मला तुझा राग आलाय की माझीच लाज वाटतेय, कळत नाही,” तो शेवटी म्हणाला. “आज तू जा.”

ती गेली. दुसऱ्या दिवशी मात्र आली, कारण चुलाणं अर्धवट टाकणं तिच्या हातून झालं नसतं. रूफस वरच्या मजल्यावरच थांबायचा. तिने तुळईच्या कापलेल्या टोकाला नवा ओकचा तुकडा सांधला. तो जुन्याला रंगाने जुळवायचा की वेगळाच दिसू द्यायचा? तिने तसाच ठेवला, गोरापान. लपवण्याचा तिला कंटाळा आला होता. दुपारी जिन्याच्या पायरीवर चहाचा कप असायचा, वर बशी झाकलेली, गार होऊ नये म्हणून. चहा कडक असायचा. 

ऑक्टोबरात काम संपलं. तिने किल्ली खिडकीत ठेवली, अवजारं व्हॅनमध्ये टाकली, आणि बोळ संपेपर्यंत रडली.

त्याच रविवारी, भर पावसात, बंगल्याची बेल वाजली. ब्रायोनीने दार उघडलं. समोर रूफस, निथळत.

“डॅड आहेत का?”

“...डॅड?”

“तुझ्याकडे नाही आलो. म्हणजे, तुझ्याकडेही येईन. आधी त्यांच्याकडे.”

डेस चष्मा कपाळावर सारून आतून आला. रूफसने अटेन्शनमध्ये उभं राहावं तसे हात सरळ केले.

“मिस्टर पास्क, मी माफी मागायला आलोय. मी गाढव आहे.”

“ते खरंच. आत या, भिजताय.”

“नाही, तुम्हीच चला. आज चुलाणं पेटवायचंय. त्या दिवशी पबमध्ये जे जे होते त्या सगळ्यांना बोलावलंय. सगळ्यांसमोर हसलो, तर माफीही सगळ्यांसमोर मागतो.”

“अहो, मी बुजवणारा! मला कुठे पेटवायला बोलावता?”

“डॅड, कोट घाला,” ब्रायोनी म्हणाली.

बुलेस कॉटेजचा दिवाणखाना भरला होता. डॉट, डॉमिनोची मंडळी, नवखे लोकही. तुळईखाली लाकडं रचून ठेवली होती, आणि त्या गोऱ्या तुकड्याकडे बोट दाखवून कोणी तरी म्हणत होतं, “काय सत्यानाश केला होता हो, कोण होता तो?”  रूफस घसा साफ करून पुढे झाला. “मला तुम्हा सगळ्यांना —”

“थांब,” ब्रायोनी म्हणाली. “आधी मी.”

 सगळे तिच्याकडे बघत होते. तिने डेसचा हात धरला आणि त्याला पुढे आणलं.

“हे डेस पास्क. माझे डॅड. चुलाणं यांनी बुजवलं. यांनी ते कधी लपवलं नाही. लपवलं मी. त्या दिवशी यांची नक्कल चालली होती आणि मी हसले, आणि कोण म्हणून विचारलं तर ‘गावातले’ म्हणाले. माझ्या वडिलांना!” तिचा आवाज फुटला. “मला त्याची लाज वाटते. त्यांची नाही. माझी.”

 डेसने नाक शिंकरलं.

“आणि उघडलं हिने,” तो सगळ्यांना उद्देशून म्हणाला. “मी बुजवलं, हिने उघडलं. आता कोणीतरी काडी लावा हो, हातपाय गारठले!”

रूफसने काडी डेसच्या हातात दिली. लाकडं पेटली. आधी धुराचा एक लोट सरळ खोलीत आला, सगळे खोकत सुटले, डॉटने खिडकी उघडली, मग धुराला वाट सापडली आणि तो गडगडत वर गेला. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. डेस चुलाण्याच्या आतच कडेला असलेल्या दगडी बाकावर जाऊन बसला आणि म्हणाला, “मिसेस कॅटरमोल बिचारी बरोबर होती. सगळी ऊब वरच जातेय!”

त्या हशात ब्रायोनी हळूच बाहेर सटकली. पाऊस बारीक झाला होता. धुराड्यातून धूर निघत होता, त्याला बघत ती उभी राहिली. मागून पावलं आली.

“महिनाभर मी तुझ्यावर रागवायचा प्रयत्न केला,” रूफस म्हणाला.

“जमलं?”

“सकाळी जमायचं. मग चहाला पाणी ठेवायचो, आणि दोन कप काढायचो.”

“मला तुझ्यासमोर उभं राहायला लाज वाटते, रूफस.”

“मलाही. माझी. मग दोघं मिळून वाटून घेऊ या ना... एकेकट्याने फार जड जातं.” त्याने तिच्या कपाळावरचे ओले केस बाजूला केले. “आत ते जे बोललीस ना, तेव्हा मला असं वाटलं की... माझं तुझ्यावर प्रेम आहे हे मला आधीपासून माहीत होतं, पण का आहे ते आज कळलं.”

तिला हसूही आलं आणि रडूही. “तुझे कान लाल झालेत.”

“तुझं काय? तुझं आहे का प्रेम? लपवू नकोस हं.”

“आहे,” ती म्हणाली. “बोळापासून आहे. तू विटांना छत्री बांधली होतीस तेव्हापासून.”

तिने दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला आणि पावसात, अंगणाच्या मधोमध, त्याचं चुंबन घेतलं. उघड्या खिडकीत थ्री प्लोजची निम्मी गिऱ्हाइकं गोळा झाली होती. आतून डेसचा आवाज आला —

“डॉट, पडदा ओढ गं! पोरांना लाज वाटेल!”

“नका ओढू!” ब्रायोनी तशीच ओरडली. “बघू देत सगळ्यांना!”